ठेंगणं दार

सुलू,

तुझं ऑक्सिजनचं मशीन परवा परत नेलं. कंपनीचा माणूस आला, नळ्या गुंडाळल्या, माझी सही घेतली, 'यल्ला चाचा', म्हणजे निघतो, म्हणाला आणि गेला. पलंगाजवळचा कोपरा मोकळा झाला. त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की ती थांबल्यावर खालच्या रस्त्यावरची कबुतरं ऐकू यायला लागली. लिफ्टचं दार ऐकू यायला लागलं. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

लोक भेटायला येतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. म्हातारा रडत कसा नाही, असं त्यांच्या डोळ्यांत असतं. त्यांनी तुझे शेवटचे दिवस बघितलेले नाहीत. पेजेचा एक चमचा गिळायला तू वाटेत थांबत थांबत जायचीस, घाट चढल्यासारखी. त्या सकाळी तुझा श्वास थांबला तेव्हा मी पहिलं काय केलं असेल तर स्वतः एक मोठा श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी. सुटलीस. मीही सुटलो. यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, आणि कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

संदीप म्हणाला, "बाबा, मराठी मंडळाच्या अंकात आईवर दोन शब्द द्या." मी चौथी शिकलेला माणूस. पेन्सिल हातात धरली ती लाकडावर रेघ मारायला. पण मी त्याला म्हटलं, जन्म कधीचा, माहेर कुठलं, ते तू लिही. मी लिहीन ते तिलाच लिहीन. बाकीच्यांनी वाचायचं तर वाचा.

मला तुझ्याशी त्या तळ्याबद्दल बोलायचंय. आपलं भांडण तिथे अर्धवट राहिलंय.

तुला आठवतं ना, सगळं रोस्लीमुळे झालं. वरच्या मजल्यावरची मुलं सांभाळायची ती. इथे आखातात, आपल्या अजमानच्या बिल्डिंगीत एवढे मराठी लोक, पण तुझी जिवाची मैत्रीण कोण, तर ही इंडोनेशियाची पोर. तिला मराठी येत नाही, तुला तिची भाषा येत नाही, आणि दोघी मिळून आपल्या ओट्यापाशी तासन्‌तास खिदळायच्या. तिने एक दिवस मोबाईलवर तिच्या गावचा फोटो दाखवला. तोबा नावाचं तळं, आणि त्या तळ्यात बेट, समोसीर. तळं कसलं, समुद्रच. चारी बाजूंनी डोंगराच्या भिंती आणि मधे निळं पाणी. रोस्ली म्हणाली, "मम्मी, ये पहले आगवाला पहाड था. फटा, फिर पानी आया."

तू तो फोटो माझ्या नाकासमोर धरलास. "इथे जायचं."

मी म्हटलं, "तळं बघायला विमानात कशाला बसायचं? आपल्याकडे लोणार आहे की. तेही ज्वालामुखीचंच."

"तुम्ही बघितलंय लोणार?"

"बघायला कशाला पाहिजे? माहीत आहे."

आणि आपली ईरा, बारा वर्षांची नात, डोकं वर न काढता म्हणाली, "आजोबा, लोणार इज अ मीटिऑर क्रेटर. वरून दगड पडला. टोटली डिफरंट." मी म्हटलं, वरून पडला काय, खालून फुटला काय, खड्डा तो खड्डाच. यावर तू काही बोलली नाहीस. तू बोलली नाहीस की मी हरलेलो असायचो, हे मला एवढ्या वर्षांत कळलं होतं. संदीपकडून तू गुपचूप तिकिटं काढवलीस. तेव्हा मशीन नव्हतं. जिना चढताना धाप लागायची, तेवढीच. डॉक्टर म्हणाले, प्रवास टाळलेला बरा. तू त्यांना हसून म्हणालीस, "टाळलेला बरा, म्हणजे केला तरी चालेल ना?"

आज वाटतं, बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस.

मेडानला उतरून गाडीने निघालो, आणि दुपारी एका वळणावर ड्रायव्हरने गाडी थांबवली. देवदारासारखी झाडं होती, त्यांच्या फटीतून खाली बघितलं आणि लोणारचं नाव मी पुन्हा काढलं नाही. अजमानचा समुद्र मी रोज बघतो. पण तो नुसता पसरलेला आहे. हे पाणी बसलेलं होतं. डोंगरांनी दोन्ही हातांत धरलेलं. ढग त्या भिंतींच्या आतच फिरत होते, बाहेर जायची वाट नसल्यासारखे. आणि मधे ते बेट, एवढं मोठं की त्याच्यावर पुन्हा डोंगर.

तू धाप सावरत बराच वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "एवढा रागीट डोंगर, तोसुद्धा शेवटी गार पडला. तुमचं काय ते बघा."

होडीत बसून बेटाकडे निघालो. मी वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. एवढ्या पाण्याला खारटपणा नाही, हे माझ्या जिभेला पटेना. मी परत घेतलं. तू म्हणालीस, "अहो, तळं संपवाल." होडीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी तो हसला.

रोस्ली सुट्टीवर गावी आली होती. धक्क्यावर तिने तुला मिठी मारली आणि दोघी रडलात. मी तोवर घरं बघत होतो. ती घरं, सुलू! लाकडी खांबांवर उचललेली, छप्पर होडीसारखं, दोन्ही टोकं आभाळात गेलेली. मी खाली शिरून सांधे बघितले. बोट फिरवून बघितलं. लाकडाच्या खुंट्या आणि दोराचे वेढे. एक खिळा नाही. मी तिथेच ओरडलो, "बघ! एक खिळा नाही! फोन लाव तुझ्या भावाला आणि सांग!"

आता हे वाचणाऱ्याला हा भाऊ कोण ते सांगायला पाहिजे. बाळू म्हणजे तुझा धाकटा भाऊ. त्याला मीच इथे आणला, मीच रंधा धरायला शिकवला. माझ्या वर्कशॉपमध्ये तो माझ्या हाताखाली होता. मग त्याने शेजारच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात स्वतःचं टाकलं. मशीनवर कापलेले बोर्ड, हवेच्या गनने ठोकलेले खिळे, संध्याकाळपर्यंत कपाट तयार. एका गणपतीला सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, तू सुतार नाहीस, तू खिळेवाला. त्याने ताटावरून उठून चपला घातल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. शब्द माझा होता आणि मी तो मागे घेतला नाही. तो मी नसताना यायचा, तू मी आल्यावर सांगायचीस, "बाळूने पेरू आणलेत, खाऊन घ्या, त्यांना खिळे नाहीत."

तर त्या घरांच्या भिंतीवर, दाराशेजारी पाली कोरलेल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर बायकांचे चार उघडे स्तन. तू पदर तोंडाला लावलास. रोस्लीने समजावून सांगितलं. पाल कुठल्याही भिंतीला चिकटून जगते, तसा आमचा माणूस कुठेही जाऊन राहतो, पण तोंड आईकडे ठेवतो. तू मला कोपर मारलंस. "म्हणजे आपणच की हो. अजमानच्या भिंतीवरच्या पाली."

आणि मग ते दार.

रोस्लीच्या घराची शिडी चढून वर गेलो तर दार माझ्या छातीपर्यंत. रोस्ली म्हणाली, इथे हेच माप. आत येणारा वाकून येतो, घराचा मान राहतो. मी म्हटलं, हे माप चुकलेलं आहे. दार माणसासाठी करतात, माणूस दारासाठी नाही. तू म्हणालीस, "वाका की जरा." मी म्हटलं, "मालक अरबाबापुढे वाकलो नाही, पोट हातावर असताना वाकलो नाही. आता लाकडापुढे वाकू?" तू माझ्याकडे एकदा बघितलंस, पदर खोचलास आणि सरळ आत गेलीस, धाप लागलेली असताना. मी दारासमोरच शिडीच्या वरच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसून राहिलो. माझं जेवण तिथेच आलं, केळीच्या पानावर, तळ्यातला मासा. झणझणीत होता. मी कुणाला सांगितलं नाही, पण तुझ्या हातच्यापेक्षा बरा होता.

तू आत किती वेळ होतीस! मला तुझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच तू हसलीस. बाहेर आलीस तेव्हा तुझं तोंड असं होतं, लग्नात पहिल्यांदा बघितलं तेव्हासारखं. मी विचारलं, "काय होतं आत?"

"वाकला असतात तर कळलं असतं."

"सांग की."

"नाही."

हे ते अर्धवट भांडण. होटेलवर विचारलं, विमानात विचारलं, इथे आल्यावर जेवताना विचारलं. तू नळीतून श्वास घेत होतीस तेव्हाही एकदा विचारलं. तू डोळ्यांनी हसलीस आणि मान हलवलीस. नाही म्हणजे नाही. लोक मला हट्टी म्हणतात.

रोस्लीच्या घरून निघायच्या वेळी तिची आई त्यांचं विणलेलं कापड घेऊन आली. उलोस म्हणतात त्याला. नवरा-बायकोच्या खांद्यांवर मिळून एकच घालायचं, संसाराला आशीर्वाद म्हणून. ती बुटकी, मी उंच. ती माझ्याकडे बघत थांबली, मी सरळ उभा. मग ती दोन पायऱ्या वर चढली आणि तिथून तिने ते आपल्या दोघांवर टाकलं. तू कापडाच्या आत मला चिमटा काढलास.

दुसऱ्या दिवशी रोस्लीच्याच गल्लीत एक म्हातारी वारली होती. वाजंत्री, नाच, चर्चची गाणी, सगळं गाव जेवायला. तिचा नवरा एका खुर्चीत बसला होता, डोक्यावर काळपट निळं उलोस ठेवलेलं. पुरून आल्यावर बायकोच्या माहेरचा माणूस पुढे आला. त्याने ते कापड डोक्यावरून उतरवलं, वाटीतल्या पाण्याने म्हाताऱ्याचं तोंड धुतलं, भाताचा घास भरवला. तू रोस्लीला विचारलंस, "आता?" रोस्ली म्हणाली, "खलास, मम्मी. अब खाएगा, अब काम पे जाएगा." तू होडीत बसलीस, पदर सावरलास. मग म्हणालीस, "चांगली सोय आहे हो. आपल्यातही दुखवट्याला माहेरचे टोपी आणतात, ते हेच. कुणीतरी येऊन उतरवायला पाहिजे. माणसाला स्वतःचं स्वतः जमत नाही."

मी म्हटलं, मला जमेल.

नाही जमलं, सुलू. तुला इथेच अग्नी दिला, तुझी इच्छा होती तसा. घरी आलो आणि कपाटातून ते उलोस काढून डोक्यावर ठेवलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. ईरा म्हणाली, "आजोबा, व्हाय?" मी म्हटलं, असतं तसं. संदीप म्हणाला, "बाबा, लोक भेटायला येतायत, काढा ते. आपण काय तिकडचे आहोत का?" मी म्हटलं, हे आता मला काढता येत नाही. बायकोच्या माहेरच्यानेच काढायचं असतं. तोवर मी वर्कशॉपला जाणार नाही, दाढी करणार नाही, या खुर्चीतून उठणार नाही.

तुझ्या माहेरचं इथे एकच माणूस आहे, हे संदीपला माहीत होतं. म्हणाला, "मग मामाला फोन करू?"

"मी सांगितलं का तुला फोन करायला?"

"नको करू?"

"मी काही सांगितलेलं नाही."

रोस्लीचा व्हिडिओ कॉल आला. ती रडत होती, आणि मला बघून रडता रडता हसायला लागली. "बाबाजी, ये क्या किया! ये डोके का नहीं है. ये खुशीवाला है, शादीवाला! दुखवाला अलग होता है!" डोके हा शब्द तुझ्याकडून शिकलेली. मी म्हटलं, आता ठेवलंय ते ठेवलंय. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ठीक है. मम्मी हसती होगी."

दिवस जात होते. रोज बेल वाजली की मी कापड नीट करून बसायचो, आणि रोज दुसरंच कुणीतरी असायचं. मी खिडकीकडे तोंड करून बसायला लागलो, म्हणजे दाराकडे बघतोय असं कुणाला वाटायला नको. तो आला नसता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. माझा शब्द मला मोडता येत नाही. त्याचाही त्याला मोडता येत नसेल, तर मी त्या खुर्चीतच राहिलो असतो.

तेराव्याला बाळू आला. हातात टॉवेल आणि पांढरी टोपी. शर्टाच्या खिशावर भुसा. दारात उभा राहिला, मला बघितलं आणि चपला काढल्या. म्हातारा झालाय तो, सुलू. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला, "पुढे या."

मी उठून उभा राहिलो. त्याचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचेना. टाचा उंच करून बघितलं. सगळे बघत होते.

"वाका थोडे."

मी उभाच. तो हसला. तुझ्यासारखा हसतो. "ताईने सांगून ठेवलं होतं. म्हणाली होती, ते वाकायचे नाहीत, तू सूनबाईकडून स्टूल मागून घे."

सूनबाईने किचनमधला स्टूल आणला. मी तो ओळखला. त्याचाच, खिळ्यांचा. तू माझ्या नजरेआड सिंकखाली ठेवायचीस तो.

"हा अजून आहे?" मी म्हटलं.

"अजून हलत नाही, दाजी," बाळू म्हणाला, आणि चढायला लागला. एक गुडघा वर घेतला, भिंतीला हात लावला, दुसरा पाय येईना. त्याचे गुडघे गेलेत. तोंडावर घाम. एका हातात टोपी, ती सोडवत नाही. आणि मला ती रोस्लीची आई दिसली, पायऱ्या चढणारी.

"उतर," मी म्हटलं. "पडशील, मूर्खा."

आणि मी वाकलो. चांगला वाकलो, कमरेतून. कंबर कुरकुरली, पण वाकली. त्याने ते उलोस उतरवलं. सूनबाईने वाटीत पाणी आणलं होतं, तिला कुणी सांगितलं माहीत नाही. त्याने माझं तोंड धुतलं. त्याच्या तळहाताला घट्टे आहेत. मशीनवाल्याच्या हाताला घट्टे कुठून आले, हे त्याला एकदा विचारणार आहे. मग टॉवेल, मग टोपी. ईरा म्हणाली, "ओके आजोबा?" मी म्हटलं, ओके. तेवढं इंग्लिश मला येतं.

आम्ही शेजारी बसून जेवलो. वरण-भात कालवताना बाळू म्हणाला, "ताईने त्या बेटावरून मला फोन केला होता. त्या घरातूनच. म्हणाली, तुझे दाजी बाहेर ओरडत होते, एक खिळा नाही, तुला सांग म्हणून."

माझा घास हातात राहिला. "आतून? काय होतं आत?"

"तुम्हाला नाही सांगितलं तिने?"

"तू सांग."

"काही नव्हतं म्हणाली. अंधार, एक चूल, भिंतीला भांडी. पण म्हणाली, बाळ्या, दार एवढंसं आहे, आणि त्या दारात हे बसलेत. अख्खे. डोक्यापासून पायापर्यंत बरोब्बर मावलेत, आणि मागे सगळं निळं पाणी. फोटोची चौकट करावी तसे. म्हणाली, उभे राहिले असते तर डोकं दिसलंच नसतं. बराच वेळ काही बोललीच नाही, फोन नुसता चालू. मी म्हटलं, ताई, आहेस का? तर म्हणाली, थांब रे, बघू दे."

मी जेवण संपवलं. भात परत मागून घेतला.

सुलू, उलोस मी घडी करून कपाटात ठेवलंय, खुशीच्या कपड्यांत, जिथलं तिथे. उद्या वर्कशॉप उघडतो. बाळू येणार आहे, मला त्याची गन बघायची आहे. बघायची म्हणजे बघायचीच, वापरायची नाही.

मी आत आलो नाही ते बरंच झालं. आलो असतो तर तू कुणाला बघत बसली असतीस? पण एक मात्र लिहून देतो, कारण हे तुला समोर कधी म्हटलं नसतं. माप चुकलं नव्हतं. ज्या कुणी सुताराने ते दार केलं, त्याने बरोबर केलं होतं.